एसटीचं तिकीट कुठल्या रकान्यात?

घरी करायचं पोटाचं डायलिसिस (पोटात नळीने द्रव सोडून रक्त शुद्ध करणं) रुग्णालयात मशीनवर होणाऱ्या डायलिसिसपेक्षा महाग, असं तुमच्या डायलिसिसच्या खर्चावरच्या लेखात म्हटलंय. पण हा हिशोब फक्त सरकारी तिजोरीचा झाला. माझ्या वडिलांचं डायलिसिस जिल्ह्याच्या गावी मोफतच व्हायचं. आठवड्यातून दोनदा पहाटे साडेपाचची एसटी, चार तास मशीनवर, परतताना उलट्या. म्हणून भाऊ सोबत, त्याची दोन दिवसांची मजुरी बुडालेली. दोन वर्षांत चारही शेळ्या विकल्या. हे कुठे धरलंत?

समाजाच्या बाजूने खर्च मोजायची पद्धत आहेच; त्यात प्रवास, बुडालेली मजुरी, सोबत्याचा वेळ सगळं येतं. थायलंडने 2008 मध्ये पोटाच्या डायलिसिसला प्राधान्य दिलं, तेव्हा खेड्यातल्या रुग्णाला केंद्र किती लांब पडतं याचाही विचार झाला होता.