‘सगळे स्लीव्हच करतात, मग तुम्ही घोळ का घालता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

वजन कमी करण्याची कोणती शस्त्रक्रिया निवडावी, या लेखावर तुम्ही खरमरीत लिहिलंत, ते बरं झालं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात देतो. इंदुरात जो तो स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया, करून घेतो. त्यात आतड्याला हात लावत नाहीत, म्हणून जोखीम नाही. नाहीच जमलं तर पुढे बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं, करता येतं. असं असताना आम्ही पाच प्रकार मांडून लोकांना गोंधळात टाकतो आणि एक नाव काही सांगत नाही. तुमच्या धाकट्या जावेचं स्लीव्ह ठरलं होतं, लेख वाचून ती बिचकली. तिची माहितीही तुम्ही दिली आहे: वय ४४, उंची ५ फूट ३ इंच, वजन १०४ किलो, ११ वर्षं मधुमेह, दोन गोळ्या आणि रात्री इन्सुलिन, रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, गुडघ्यासाठी आठवड्यातून तीन-चार वेळा पेनकिलर, पूर्ण शाकाहारी.

ती थांबली ते मला योग्यच वाटतं. ॲसिडिटीची गोळी, ११ वर्षांचा मधुमेह आणि पेनकिलर या तिन्ही गोष्टी एकाच शस्त्रक्रियेकडे बोट दाखवत नाहीत. अशा माणसाला ‘सगळे करतात ते’ हे उत्तर पुरत नाही.

स्लीव्हमध्ये आतडं कापत नाहीत, हे खरं. पण जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून शरीराबाहेर काढतात, आणि तो परत बसवता येत नाही. आत ३६ ते ४० फ्रेंच जाडीची, म्हणजे साधारण १२-१३ मिलिमीटरची नळी ठेवून तिच्या कडेने जठर कापत वर अन्ननलिकेपर्यंत जातात. उरते ती अरुंद नळी. तिच्या खालच्या तोंडाची झडप शाबूत असते, त्यामुळे आतला दाब वाढतो. म्हणून गळती झालीच तर ती बहुतेक वेळा अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ होते आणि भरून यायला आठवडे घेते. मधल्या वळणावर नळी आवळली गेली तर पाणीसुद्धा उलटून पडतं. हे क्वचित घडतं, अनुभवी हातात आणखी क्वचित, पण ‘जोखीम नाही’ असं म्हणता येत नाही. घरी आल्यावर नाडी १२०च्या वर राहिली, ताप आला किंवा डाव्या खांद्यात कळ येऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया झाली तिथेच जायचं.

स्लीव्ह एवढी लोकप्रिय का झाली, याची कारणंही चांगली आहेत. वेळ कमी लागतो, आतड्याचे जोड नसतात, जीवनसत्त्वांची कमतरता बायपासपेक्षा कमी होते, आणि पुढे पित्तनलिकेत खडा अडकला तर दुर्बीण नेहमीच्या वाटेने आत जाते. बायपासनंतर ती वाट बंद होते. ‘पुढे बायपास करता येतं’ हेही खरं. मात्र दुसरी शस्त्रक्रिया चिकटलेल्या, व्रण पडलेल्या जागेत करावी लागते आणि तिची जोखीम पहिलीपेक्षा जास्त असते. खर्च पुन्हा, विम्याचं भांडण पुन्हा. दुसरीचा भरवसा धरून पहिली निवडू नये.

आता ॲसिडिटी. जावेच्या बाबतीत सगळ्यात आधी हेच बघायला हवं, आणि तुमच्या प्रतिक्रियेत दुर्बिणीने जठर तपासल्याचा उल्लेख कुठेच नाही. जठराची अरुंद, जास्त दाबाची नळी झाली की आम्ल वर चढायला सोपं जातं. फिनलंडमधल्या स्लीव्हपास चाचणीत १० वर्षांनी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला आम्लाने सूज आलेली होती आणि बायपास झालेल्यांपैकी ७ टक्के लोकांच्या. वजनाचा फरक त्या मानाने लहान होता: जास्तीच्या वजनापैकी स्लीव्हने सुमारे ४४ टक्के उतरलं, बायपासने ५१ टक्के. मला विचाराल तर किलोंच्या फरकापेक्षा जळजळीच्या फरकावर निर्णय घ्यावा. जास्तीच्या वजनातले सात टक्के कमी-जास्त झाले तरी माणूस निभावून नेतो, पण रोज रात्री घशाशी आंबट पाणी येत असेल तर झोपही जाते आणि खाणंही बिघडतं.

म्हणून दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी लिहून मागा. छातीच्या पडद्यातून जठर वर सरकलेलं आहे का, म्हणजे हायटस हर्निया आहे का आणि किती सेंटिमीटरचा. अन्ननलिकेची सूज ए (सौम्य) ते डी (सगळ्यात तीव्र) यांपैकी कोणत्या श्रेणीची. अन्ननलिकेच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल दिसतो का. आणि एच. पायलोरी हा जंतू आहे का. इथे एक फसगत होते. ॲसिडिटीची रोजची गोळी सूज झाकते आणि एच. पायलोरीची तपासणी खोटी ‘नाही’ दाखवू शकते. जंतूच्या तपासणीआधी ती गोळी साधारण दोन आठवडे बंद ठेवावी लागते. डॉक्टरांना विचारूनच बंद करा, पण आपणहून विचारा, कारण घाईत हे राहून जातं.

बी किंवा वरच्या श्रेणीची सूज असेल, बॅरेट असेल किंवा हर्निया मोठा असेल, तर स्लीव्ह बाजूला ठेवावी असंच माझं मत. स्लीव्हबरोबर हर्निया शिवून देतात, पण तो पुन्हा सरकू शकतो. अशा वेळी मिनी बायपास हाही चांगला पर्याय नाही. त्यात आतड्याचा एकच जोड असतो आणि पित्त त्या जोडावरूनच वाहतं, त्यामुळे ते वर येण्याची शक्यता राहते. जळजळीसाठी रू-आँ-वाय, म्हणजे दोन जोडांचा बायपास हाच भरवशाचा. त्यात अन्ननलिकेखाली जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते आणि पित्त बरंच खाली, दुसऱ्या जोडापाशी येऊन मिसळतं.

मधुमेहाकडे येऊ. ‘ऑपरेशन केलं की साखर गेली’ हे सरसकट खरं नाही. किती वर्षं आजार आहे, किती औषधं लागतात, इन्सुलिन चालू आहे का आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७च्या खाली आहे का, या चारांवरून अंदाज बांधता येतो. आजार मधल्या टप्प्यात असेल तर बायपासचा फायदा स्लीव्हपेक्षा ठळक दिसतो. आजार फार पुढे गेला असेल, स्वादुपिंडच थकलं असेल, तर दोन्हींचा परिणाम मर्यादित राहतो आणि मग कमी जोखमीची स्लीव्ह निवडण्यात अर्थ असतो. ११ वर्षं आणि इन्सुलिन म्हणजे जाऊबाई मधल्या टप्प्याच्या पुढच्या टोकाकडे असाव्यात. स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतं ते सी-पेप्टाइड या रक्ततपासणीतून कळतं, ती करून घ्या. अपेक्षा ठेवायची ती इन्सुलिन सुटण्याची आणि गोळ्या कमी होण्याची. अमेरिकेतल्या स्टॅम्पीड चाचणीत ५ वर्षांनी एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली राहिलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि फक्त औषधांवर ५ टक्के होते. तिघांमध्ये मोठी दरी आहे ती शस्त्रक्रिया आणि नुसती औषधं यांच्यात.

इथपर्यंत पारडं बायपासकडे झुकतं. पेनकिलर ते मागे ओढते. बायपासमध्ये जठराची पिशवी थेट लहान आतड्याला जोडतात. आतड्याचं अस्तर आम्ल सोसायला बनलेलं नसतं, म्हणून त्या जोडावर अल्सर होऊ शकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या आणि तंबाखू ही त्याची नेहमीची कारणं. अल्सर फुटला तर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. लक्षात ठेवा, कॉम्बिफ्लाममध्येही आयबुप्रोफेन असतं. दुकानदार ‘हलकी गोळी’ म्हणून देतो आणि घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा बायपासचा विचार असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: पुढे आयुष्यभर पॅरासिटामॉल, व्यायाम, गुडघ्यात इंजेक्शन एवढ्यावर भागेल का? वजन उतरलं की गुडघ्यावरचा भार उतरतोच, बऱ्याच जणांची गोळी सुटते. पण संधिवातासारख्या आजारामुळे ती सुटणारच नसेल, तर बायपास करू नये. हृदयासाठी छोट्या मात्रेचं ॲस्पिरिन चालू असेल तर तेही सर्जनना सांगा.

शाकाहाराबद्दल मूळ लेखात एकच वाक्य होतं, इथे जास्त लिहितो. बी-१२ शाकाहारी घरांत आधीच कमी असतं, चाळिशीतल्या बाईचं लोह बहुधा कमीच. शस्त्रक्रियेआधी दोन्ही तपासून भरून घ्यावीत, नंतर भरणं अवघड जातं. बायपासनंतर बी-१२ रोज ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. पाळी चालू असेल तोवर लोह रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम. कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, सायट्रेट स्वरूपातलं, कारण कार्बोनेट पचायला आम्ल लागतं. ते एकदम न घेता दोन-तीन वेळा विभागून, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. लोहाची गोळी चहाबरोबर नको. ड जीवनसत्त्व वेगळं. रक्त तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दर वर्षी तपासायचं, आयुष्यभर. स्लीव्हलाही गोळ्या चुकत नाहीत, पण एखादं वर्ष कुणी हयगय केली तर बायपासमध्ये किंमत जास्त मोजावी लागते.

रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. सुरुवातीच्या महिन्यांत एका वेळी अर्धी वाटीसुद्धा जात नाही, त्यामुळे प्रथिनांची पावडर लागतेच. नाश्त्याला पोहे खाल्ले तर पोट भरतं आणि प्रथिनं मिळतच नाहीत. मिनी बायपास सुचवला गेला तर किती सेंटिमीटर आतडं वगळणार ते विचारा. फ्रान्समधल्या योमेगा चाचणीत २०० सेंटिमीटर वगळलं होतं. तिथे मिनी बायपासमधल्या गंभीर गुंतागुंतींपैकी २१ टक्के पोषणाशी संबंधित होत्या, नेहमीच्या बायपासमध्ये तशी एकही नाही. शाकाहारी माणसासाठी हा आकडा फार महत्त्वाचा आहे.

खाण्याच्या सवयीवरून शस्त्रक्रिया निवडावी का, असं बरेच जण विचारतात. सराफ्यातली रबडी, आपली इंदुरी दाट शिकंजी, मूठमूठ सेव हे सगळं स्लीव्हमधून अलगद खाली उतरतं, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. वजन पुन्हा चढण्याचं हे मोठं कारण आहे. बायपासनंतर जिलेबी खाल्ली तर अर्ध्या तासात धडधड, घाम, चक्कर, जुलाब असा त्रास काहींना होतो, आणि काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम खाली येते. पण तो सगळ्यांना होत नाही. ‘गोड सुटेल’ म्हणून बायपास निवडणं चुकीचं आहे.

विम्याचं एका वाक्यात: विमा नियामक इर्डाच्या नियमांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) यासारखा गंभीर आजार, अशी अट आहे. जाऊबाईंचा बीएमआय ४०.६ येतो, पण प्रतीक्षा कालावधी पॉलिसीत बघून घ्या.

तुम्ही एक नाव मागितलंत, तर सांगतो. दुर्बिणीत बी किंवा वरच्या श्रेणीची सूज अथवा ठसठशीत हर्निया निघाला आणि पेनकिलर सुटत असेल, तर रू-आँ-वाय बायपास. अन्ननलिका स्वच्छ निघाली आणि पेनकिलर सुटत नसेल, तर स्लीव्ह. अन्ननलिका स्वच्छ, पेनकिलरही सुटली, तर मधुमेहासाठी मी बायपासकडे झुकेन, पण गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर सांभाळायची तयारी असेल तरच. सूजही आहे आणि पेनकिलरही सुटत नाही, असा पेच निघाला तर आधी गुडघ्याचा इलाज करा. वर्षानुवर्षांच्या वजनासाठी तीन महिने थांबलं म्हणून काही बिघडत नाही.

बायपास ठरला तर सर्जनना विचारा, आतड्यामागच्या दोन्ही फटी शिवून घेणार का? त्या उघड्या राहिल्या तर वजन उतरल्यावर, कधी काही वर्षांनीही, आतडं त्यात अडकून पोटात मुरडा येतो आणि साध्या सोनोग्राफीत ते निसटू शकतं. सीटी स्कॅन आणि बॅरिॲट्रिक, म्हणजे वजनाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या, सर्जनची नजर लागते. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन द्यायला सांगा. थायमिन न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून कोणती शस्त्रक्रिया झाली आणि आतड्याचे किती सेंटिमीटर वगळले, हे लिहिलेल्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री इंदुरातल्या एम. वाय. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच लागतं.

शस्त्रक्रियेची तारीख मिळालेली असेल तर तूर्त ती तीन आठवडे पुढे घ्या. दोन आठवडे डॉक्टरांच्या संमतीने ॲसिडिटीची गोळी बंद, मग दुर्बीण, त्याच आठवड्यात सी-पेप्टाइड, बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि पित्तखड्यांसाठी सोनोग्राफी. मधल्या काळात जळजळ वाढली तर साधं अँटासिड चालतं. रिपोर्ट आले की वर लिहिलेले प्रश्न कागदावर उतरवून घ्या आणि जाऊबाईंबरोबर तुम्हीही आत जाऊन बसा.