पीस लिलीच्या कुंडीतली चिलटं

ताई नमस्कार, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. जुलैत आमच्याकडून पीस लिली आणि सिंगोनियम नेलं, आठ दिवसात घरभर चिलटं झाली, फोन केला तर आमच्या मुलाने नीम ऑइल मारा सांगितलं, दोनदा मारूनही काही फरक नाही, आणि सडकी माती विकतात असं तुम्ही लिहिलंय.

सल्ला चुकलाच, त्याबद्दल मनापासून सॉरी. पानांवर मारून काय होणार, उडणारं चिलट तसंही आठ-दहा दिवसच जगतं, खरी वस्ती मातीत असते. ही केळ्यांवर बसतात ती चिलटं नव्हेत, ही फंगस नॅट, मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात अंडी घालते आणि काळ्या डोक्याच्या पांढुरक्या अळ्या तिथली बुरशी आणि बारीक मुळं खातात. माती सडकी नव्हती हो, कोकोपीट आणि गांडूळखत आहे, पण पुण्यात ह्या पावसात आमच्या शेडमध्ये ते सुकतच नाही, त्यामुळे अंडी इथूनच आली असं मी धरून चालतोय.

आता पाणी थांबवा. वरची इंचभर माती बोटाला कोरडी लागली की मगच द्यायचं. पीस लिली मान टाकेल, घाबरू नका, पाणी मिळालं की काही तासात उभी राहते. खालच्या ताटलीतलं पाणी रोज ओता. पिवळी चिकट कार्डं लावा, पण त्यावर फक्त उडणारी अडकतात, अळ्यांसाठी बीटीआय लागतं, म्हणजे अळ्या मारणारे जिवाणू असलेलं औषध, डासांच्या अळ्यांना वापरतात तेच, पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा मातीत ओतायचं, आणि चिलटं कमी दिसली म्हणून मधेच सोडू नका, अंड्यापासून चिलट व्हायला 3-4 आठवडे लागतात म्हणून निदान तेवढे दिवस तरी. घरातल्या सगळ्याच कुंड्यांना करा, नाहीतर शेजारच्या मनी प्लांटमधून परत येतील. शंका असेल तर मातीवर बटाट्याची चकती ठेवा, दोन-तीन दिवसांनी उलटून बघा, अळ्या असल्या तर खाली दिसतील.

दोन्ही कुंड्या घेऊन या, माती फुकट बदलून देतो, कार्डं आणि बीटीआय पण माझ्याकडून. पावसात आणणं जमत नसेल तर फोन करा, मी स्वतः येऊन घरी बदलून देईन.