खान्देशात घराचं काम काढताय? आधी गच्चीवर जा

आपल्याकडे घराचं रिनोव्हेशन सुरू होतं ते मॉड्युलर किचनपासून. मग टीव्हीमागचं पॅनेल, पीओपी, प्रोफाइल लाइट. पुण्याचा भाचा फोटो पाठवतो, आपण ते मिस्त्रीला दाखवतो. गच्चीचा विषय निघतो पैसे संपल्यावर. माझं मत उलटं आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये एस्टिमेटची पहिली ओळ गच्चीची हवी आणि दुसरी पश्चिमेच्या भिंतीची. ट्रॉल्या दोन वर्षांनी बसवल्या म्हणून कुणाच्या घरी स्वयंपाक अडत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ला जातो हे वेगळं सांगायला नको. पाच इंची स्लॅब दिवसभर ते ऊन पितो आणि रात्री आपल्या डोक्यावर सोडतो. म्हणून तर रात्री अकरालाही पंख्याचा वारा गरम लागतो. त्यात पश्चिमेला मोठी काचेची खिडकी काढायची हौस! दीड टनाचा एसी घेतला तरी बिल भरताना कळतं की आपण खोली नाही, स्लॅब थंड करतोय.

जुन्या धाब्याच्या घरात जाड मातीचं छत आणि जाड भिंती असल्याने दुपार सुसह्य जायची. तेच परत बांधा असं मी म्हणत नाही. पावसाआधी धाब्यावर माती टाकताना आणि वाळवी निस्तरताना घरच्यांचे काय हाल व्हायचे ते पाहिलंय. पण छत जाड आणि खिडकी लहान का ठेवत, एवढं तरी घ्यावं की नाही?

गच्चीवर पांढरा लेप हा सगळ्यात स्वस्त उपाय. मात्र आपल्याकडची धूळ त्यावर बसली की तो मळतो, मग धुवा, काही वर्षांनी पुन्हा मारा. विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे स्लॅबवरचा जाड थर, आणि वर पांढऱ्या टाइलचे तुकडे महाग पडतात, पण टिकतात. फक्त वजनाचा हिशोब आधी करा. हजार चौरस फुटांवर चार इंच कोबा म्हणजे सव्वातीन ब्रासहून जास्त माल (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), वजन सोळा-अठरा टनांच्या घरात. जुन्या स्लॅबवर हे चढवण्याआधी इंजिनिअरला बोलवा. त्याची फी वाचवायची नसते.

आता मुहूर्त. आमचे पारोळ्याकडचे मिस्त्री सरळ सांगतात, "भाऊ, उन्हायामा काम काढू नका." शाळेला सुट्टी म्हणून आपण नेमकं मेमध्येच काढतो. कोरड्या, गरम हवेत काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारायला आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं, पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर १४ दिवस. सकाळी मारलेलं पाणी दहा वाजता दिसत नाही, म्हणजे ओली गोणपाटं आणि टँकर. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८चा १८ टक्के झाला खरा, पण मेमध्ये ती बचत टँकरवाला गिळतो. वर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मजूर गावाला गेला की परत कधी येईल ते त्यालाच ठाऊक. पावसाळ्यात नदीतला वाळू उपसा बंद, वाळू महाग. उरतं दिवाळी ते होळी. तेव्हा बिगारी कापूस वेचणीला गेलेले असतात, पण निदान प्लास्टर तरी धड होतं.

काळ्या जमिनीवर घर असेल तर अजून एक. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतीला तिरपी भेग पाडते. दर दिवाळीला पुट्टी भरून ती जात नाही. आधी घराभोवती उताराची फरशी घाला, पन्हाळीचं पाणी पाइपाने लांब सोडा, नहाणीचा पाइप गळतोय का ते बघा. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर मात्र खर्च मोठा आहे. रंगवाल्याचं कोटेशन घेण्याआधीच ते तपासून घ्या.

धुळे-जळगावात कुणी कोबा आणि पांढरा लेप दोन्ही करून पाहिलं असेल, तर चौरस फुटाचा दर आणि किती साली केलं ते लिहा. एका मित्राचं एस्टिमेट अडलंय आणि तो अजून किचनवरच आहे.