वेडाला सगळं माफ असतं म्हणे

शाळेच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. खुनाची एखादी मोठी बातमी झाली की हा उगवतोच. मजकूर थोडक्यात असा: ‘गुन्हा करा आणि वेडाचं सर्टिफिकेट दाखवा. पोलीस हात लावत नाहीत. आत गेलाच तर खास वागणूक. पुढे कोर्ट निर्दोष सोडतं आणि बाबा घरी. २०१७च्या कायद्याने तर यांना मोकाटच सोडलंय.’ खाली सतरा अंगठे. त्यातला एक माझ्या बाकावर बसणाऱ्याचा.

मला बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा मनाचा आजार. सर्टिफिकेटही आहे. आणि अकरा दिवस मी आत काढलेत. तेव्हा थोडं बोलतो.

‘पोलीस हात लावत नाहीत.’

२०१९चा मे. चार रात्री झोप नव्हती. पहाटे आमच्या तालुक्याच्या स्टँडवर गेलो आणि एसटीचं वेळापत्रक सुधारायला घेतलं. हसा, आता मलाही हसू येतं. कंडक्टर खाली उतरवायला लागले, झटापट झाली, काच फुटली. सरकारी नोकराच्या कामात अडथळा, तेव्हाच्या भादंविचं (भारतीय दंड विधानाचं) कलम ३५३. अजामीनपात्र.

आता तो २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याचं कलम १०० सांगतं की मानसिक आजार असलेला, स्वतःची काळजी घेता न येणारा माणूस भटकताना दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं, आणि लॉकअपमध्ये कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. काच फुटायच्या पाच मिनिटं आधी मी या कलमातला माणूस होतो. फुटल्यावर आरोपी झालो. मधे एका काचेचं अंतर. त्यातही माणूस कुठल्या बाजूला पडतो, ते रात्रपाळीचा ठाणे अंमलदार डायरीत काय लिहितो त्यावर ठरतं.

हाताचं म्हणाल तर लागला. एकाने लावला, दुसऱ्याने त्याला आवरलं आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी मला दिली.

दुपारी आई गोळ्या घेऊन आली. “साहेब, रात्रीची गोळी चुकली तर फार त्रास होतो हो त्याला.” मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेली सहा गोळ्यांची पट्टी होती ती. औषधाचं नाव नि तारीख दुकानात राहिलेल्या तुकड्यावर. हवालदाराने पट्टी उजेडाकडे धरली, उलटी केली, परत सुलटी केली. “कसल्या आहेत? नशेच्या?” त्यांच्या जागी मी असतो तर मीही दिल्या नसत्या. डॉक्टरांची चिठ्ठी, फाईल आणि ते सुप्रसिद्ध सर्टिफिकेट घरी गोदरेजच्या कपाटात. (तेव्हापासून मी पट्टी कापू देत नाही. दुकानदार वैतागतो.)

आणि सर्टिफिकेट खिशात असतं तरी काय झालं असतं? त्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते, तिच्यावर सवलती मिळतात. अमुक तारखेला पहाटे सव्वापाचला माणसाला काय कळत होतं, हे त्यावर छापलेलं नसतं.

‘आत खास वागणूक.’

तुरुंगात आत घेताना रांगेत डॉक्टरांनी विचारलं, “काही आजार?” मी म्हणालो, “ठणठणीत.” मॅनियातला, म्हणजे उन्मादातला, माणूस दुसरं काय सांगणार! त्या क्षणी माझ्याइतका ठणठणीत माणूस महाराष्ट्रात नव्हता. मग सहा दिवस लिथियम, म्हणजे माझी गोळी, नाही. बाहेरून आलेली गोळी आत चालत नाही, आतल्या डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते आणि त्यांच्या कागदावर मी निरोगी. झोप तर उडालीच होती, तिसऱ्या दिवसापासून बोलणंही थांबेना. सातव्या दिवशी भिशीच्या भानगडीत आलेल्या एका काकांनी वॉर्डरकडे तक्रार केली, “साहेब, हा झोपत नाही आणि आम्हाला झोपू देत नाही.” मी डॉक्टरांसमोर गेलो तो असा. माझा आजार कुणाला दिसला म्हणून नाही, बरॅकची झोपमोड झाली म्हणून.

कायदा याहून बराच पुढे आहे. कलम १०३ म्हणतं की आजारी कैद्याला तुरुंगाच्या दवाखान्यातल्या मानसोपचार कक्षात हलवा, तसा कक्ष नसेल तर बाहेरच्या मानसोपचार संस्थेत पाठवा, आणि प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगात अशी संस्था उभी करा. मोकाट सोडा असं त्यात कुठेही नाही. गुन्हा म्हणून शिक्षा नको असं हा कायदा म्हणतो ते आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल, कलम ११५ मध्ये. त्यातून गेलेल्या माणसाला तुरुंगात टाकून नेमकं काय साधायचं होतं, हे मला अंगठेवाल्यांनी सांगावं.

‘कोर्ट निर्दोष सोडतं आणि बाबा घरी.’

बचाव आहे, खरं आहे. भादंविचं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं २२. पण कायद्याला आजाराच्या नावाशी कर्तव्य नाही. कृत्य करताना आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्याची क्षमताच नव्हती, हे दाखवावं लागतं. आणि दाखवायचं आरोपीने. मानसिक आजार असलेला प्रत्येक जण आपोआप सुटत नाही, वैद्यकीय वेड वेगळं आणि कायदेशीर वेड वेगळं, हे सुप्रीम कोर्टाने २०११मध्ये सुरेंद्र मिश्रा खटल्यात स्पष्ट केलंय. २०१९मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी शिक्षेनंतर जडलेल्या तीव्र आजारामुळे रद्द झाली. तिच्या जागी मिळाली मरेपर्यंतची जन्मठेप.

समजा, सुटलाच. हे कलम ज्याच्यावरून आलं तो डॅनियल मॅकनॉटन. १८४३ साली लंडनमध्ये त्याने ब्रिटिश पंतप्रधानांच्या चिटणीसाला गोळी घातली. वेडामुळे दोषी नाही, असा निकाल लागला. घरी गेला का? आधी बेथलेमचं वेड्यांचं इस्पितळ, मग ब्रॉडमूरचं. १८६५मध्ये तिथेच मेला. आपल्याकडेही अशा निकालानंतर कोर्ट माणसाला सुरक्षित ताब्यात ठेवू शकतं, किंवा जामीन घेऊन नातेवाइकांकडे सोपवू शकतं. पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ म्हटलं की तुरुंग की मनोरुग्णालय हे विचारावं लागतं, ते उगाच नाही.

आणि आरोपी बरा होईपर्यंत खटलाच थांबला, निकालच लागला नाही तर? आसामच्या मचांग लालुंगला १९५१मध्ये पकडलं. तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं. १९६७मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलं की हा ठीक आहे. त्यावर त्याला घरी नाही, गुवाहाटीच्या तुरुंगात पाठवलं. सुटला २००५मध्ये, एका रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं, आणि खटला चाललाच नाही. तेव्हाच्या बिहारच्या हजारीबाग तुरुंगातले बरे झालेले कैदी वीसवीस-तीसतीस वर्षं विसरले गेले होते, त्यांच्यासाठी १९८२मध्ये सुप्रीम कोर्टाला मधे पडावं लागलं. मेसेजवाल्यांच्या ‘सुटला’मध्ये हे कुठे बसतं?

माझ्या वकीलबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “वेडाचा मुद्दा काढला तर केस थांबेल, संपणार नाही.” तो काढलाच नाही. काचेचे पैसे भरायची तयारी दाखवून साध्या बचावाने लढतोय. तारखा चालू आहेत. कंडक्टर आतापर्यंत दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी बाकावर माझ्याच शेजारी बसले आणि मलाच विचारलं, “तो वेडा आज आलाय का हो?”