हजारचा कंडेन्सर टाकून बोर्ड गप्प बसत नाही

बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत पंपाचे ऑटो-स्टार्टर आणि टायमर बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांच्या मोबाईलवर एक नुस्खा फिरतोय: "कॉन्टॅक्टर सुटला की बोर्ड रिसेट होतो? ५ व्होल्टवर १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाका, जितका मोठा तितका चांगला. सोबत १०४, १०३, १०२ तिन्ही लावा. मीटरवर ५.०० आलं की सप्लाय स्वच्छ." (कॉन्टॅक्टर म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले; १०४, १०३, १०२ म्हणजे ०.१, ०.०१ आणि ०.००१ मायक्रोफॅरडचे छोटे कंडेन्सर.)

"जितका मोठा तितका चांगला." बेळगावला पाणी देणारा राकसकोप जलाशय तुडुंब भरला म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला दाब येतो काय? गच्चीवर टाकी लागतेच की. १००० मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये पाय आणि आतली गुंडाळी मिळून १५ नॅनोहेन्री इंडक्टन्स (कॉइलचा गुण) धरा. मग साधारण ४१ किलोहर्ट्झच्या वर तो कंडेन्सर राहत नाही, कॉइल होतो. २० मेगाहर्ट्झला त्याचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १.९ ओहम. आता आयसीने ५ नॅनोसेकंदांत ५० मिलिअँपिअर ओढले आणि वाटेत २० नॅनोहेन्री, म्हणजे जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर ट्रॅक असला, तर पिनवर ०.२ व्होल्टचा खड्डा पडतो. तो भरायला १०४ अगदी पिनजवळ हवा. २८ पायांच्या ॲटमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलर आयसीला ७ नंबर व्हीसीसी (सप्लाय) आणि ८ नंबर ग्राऊंड शेजारीशेजारी आहेत: बोर्ड उलटा करा, पाय आखूड कापून तिथंच सोल्डर मारा. दुसरा १०४ लावा पिन २० आणि २२ वर.

मोठ्याचंही काम आहे. रिले ओढताना पडणारा मिलिसेकंदांचा खड्डा तोच सावरतो, पण त्याला बहुतेक वेळा ४७ ते १०० मायक्रोफॅरड पुरतात. ७८०५ या ५ व्होल्ट रेग्युलेटरच्या आउटपुटला हजार टाकलात, तर इनपुट आधी रिकामा झाल्यावर तो चार्ज रेग्युलेटरमधून उलटा शिरतो. आउटपुट आणि इनपुटमध्ये १एन४००७ डायोड लावा, पट्टी इनपुटकडे.

"तिन्ही लावा." मायक्रोफॅरड जास्त म्हणजे अंग मोठं असायचं, तेव्हा यात तथ्य होतं. आज तिन्ही ०६०३ या एकाच छोट्या मापात मिळतात. इंडक्टन्स अंगावर आणि जोडणीवर ठरतो, मायक्रोफॅरडवर नाही. वर मोठ्याचा इंडक्टन्स आणि छोट्याची कपॅसिटन्स यांची जुंपते आणि मधल्या एका फ्रिक्वेन्सीला इम्पिडन्स उसळतो. तीन लावायचेच तर तिन्ही १०४ लावा.

"मीटरवर ५.००." डीसी रेंजला मीटर सरासरी दाखवतो, नॅनोसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही. ऑसिलोस्कोप (स्कोप) घ्या, एसी कपलिंगवर ठेवा. प्रोबची मगर-क्लिपवाली लांब वायर काढून टोकाच्या रिंगला उघड्या तारेचे दोन-तीन वेढे द्या आणि थेट आयसीच्या पिनांवर टेकवा. आधी स्कोपची २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ लिमिट चालू, मग बंद. शंका आली तर टोक आणि ग्राऊंड दोन्ही एकाच ग्राऊंडच्या डागावर ठेवा: तरी काटे दिसले, तर ते प्रोबने हवेतून उचललेत. एक मात्र जपा, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या स्वस्त टायमरचं ग्राऊंड फेजला असू शकतं. तिथं आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय स्कोप जोडायचा नाही.

आणि रिसेट कॉन्टॅक्टर सुटतानाच होत असेल, तर बोर्डापेक्षा कॉइलकडे बघा. २३० व्होल्टच्या एसी कॉइलवर थेट १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (मेन्सवर लावायचा) कंडेन्सर सिरीजमध्ये लावा. कॉइल ४१५ची असेल तर २७५ व्होल्टचा एक्स-२ चालत नाही, ४४० व्होल्ट एसीचा मागा.