शेणला नाही, चोरला!

"ताई, आधी देशाचे आकडे बघा, मग बोला. गोव्यात एवढी गुन्हेगारी नाही."

गेल्या रविवारी ग्रामसभेत सगळ्यांदेखत एका माणसाने मला हे सुनावलं. आमच्या वाड्यावर पावसाळ्यात तीन बंद घरं फोडली. रात्रीची गस्त वाढवा, एवढंच मी मागत होते. आकडे बघा म्हणाला, म्हणून बघितले. तीन रात्री जागून बघितले. आता माझा राग त्या माणसावर राहिलेलाच नाही. हे आकडे ज्या तऱ्हेने आपल्यापुढे टाकले जातात, त्याची चीड आलीय.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा वार्षिक अहवाल म्हणे सगळ्यांसाठी खुला असतो. कसला खुला? तीन जाडजूड खंड, पीडीएफमध्ये कोंबलेले तक्ते, मराठी-कोकणीत एक ओळ नाही. 2022 चा अहवाल आला डिसेंबर 2023 मध्ये. 2023 चा यायला सप्टेंबर 2025 संपत आला. आमची घरं या पावसाळ्यात फुटली, ती कुठल्या वर्षी कुठल्या तक्त्यात दिसणार आणि तोवर आम्ही काय करायचं?

बरं, आकडा सापडला तरी तो वाचायचा कसा? 2019 मध्ये देशात लाख लोकांमागे 385.5 गुन्हे होते, 2020 मध्ये 487.8. मी हबकले. टाळेबंदीत माणसं घरात कोंडलेली असताना गुन्हे एवढे वाढले? मग कळलं, सरकारी आदेश मोडल्याबद्दलचे कलम 188 चे गुन्हे 29,469 वरून 6,12,179 वर गेले होते. विनाकारण बाहेर फिरला, दुकान उघडं ठेवलं, असले गुन्हे. ते खून-दरोड्यांच्या बरोबरीने एकाच बेरजेत घातलेले! 2022 मध्ये दर 422.2 वर आला, तर लगेच "देशात गुन्हेगारी घटली" असे मथळे. घटलं काय, वाढलं काय, हे बेरीज फोडून बघितल्याशिवाय कुणालाच कळणार नाही, आणि बेरीज फोडायला सामान्य माणसाला वेळ कुठे आहे?

आणि तो दरसुद्धा प्रत्येक तक्त्यात वेगळ्या भाजकाचा. एकूण गुन्ह्यांचा दर एक लाख लोकांमागे. महिलांवरील गुन्ह्यांचा एक लाख महिलांमागे. मुलांवरच्या गुन्ह्यांचा एक लाख मुलांमागे. हे दर शेजारी शेजारी ठेवून कुणी तुलना केली की ती तुलना चुकलीच, पण व्हॉट्सॲपवर तेच फिरतं. लोकसंख्याही खरी मोजलेली नाही. 2011 च्या जनगणनेवरून अंदाज बांधलेली. तेव्हा गोव्यात 14,58,545 माणसं होती. आज आपल्याकडे वर्षाला कोटीच्या घरात पर्यटक येतात. कळंगुट-बागा भागात सीझनला लुटला गेलेला पर्यटक गुन्ह्यांत मोजला जातो, पण भागताना लोकसंख्येत तो नसतो. मग गोव्याचा दर बघून पुण्याची भावजय विचारते, "वन्सं, तुमच्याकडे पोरींना पाठवायचं का हो?" काय सांगू मी तिला?

शिवाय आपण एवढे छोटे. गोव्यात दहा गुन्हे जास्त नोंदले की लाखामागचा दर साधारण 0.6 ने सरकतो. उत्तर प्रदेशात तेवढा फरक पडायला हजारावर गुन्हे लागतील. तरी राज्यांच्या क्रमवाऱ्या लावून आपण कितवे हे ओरडून सांगणारे आहेतच.

एका एफआयआरमध्ये दोन-तीन गुन्हे असले तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढाच मोजतात. घरात घुसून चोरी केली आणि जाताना खून केला, तर आकड्यात फक्त खून. घरफोडी गेली.

पण माझं डोकं खरं फिरलं ते पुढे. अहवालच सांगतो की गुन्हा वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे पोलीस निमूट तक्रार लिहून घेतात, तिथला दर फुगतो. जिथे माणसाला हाकलून देतात, ते राज्य कागदावर सुरक्षित! हे वाचलं आणि मला मार्चमधली दुपार आठवली. बसमध्ये माझ्या आईच्या पिशवीला ब्लेड मारून मोबाइल काढला. फाटलेली पिशवी हातात घेऊन आम्ही ठाण्यावर गेलो. तिथला हवालदार म्हणाला, "बाय, मोबायल शेणला म्हण बरय." हरवला म्हणून लिही. का? तर सिमकार्ड पटकन मिळेल, चोरी लिहिलीस तर खेपा घालाव्या लागतील. आई उन्हाने थकली होती. मी लिहून दिलं.

म्हणजे माझ्या आईची चोरी त्या तीन खंडांत कुठेच येणार नाही. आणि तेच खंड पुढे करून मला ग्रामसभेत गप्प बसवणार! अशी किती पाकिटं, किती सोनसाखळ्या, किती मोबाइल नुसते "हरवलेत"? दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. तरी खेपांची भीती घालून माणसाच्याच हातून चोरी खोडून घेतात. मी शिकलेली बाई, मीही खोडली. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस-कोर्टाचं कामकाज ठरवणाऱ्या कायद्याच्या कलम 173 मध्ये लिहिलंय, ठाण्यावर नोंदवून घेतलं नाही तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. आईची फाटकी पिशवी मी टाकलेली नाही. सोमवारी पिशवी घेऊन परत त्याच ठाण्यावर जाणार आहे, अर्जात "चोरला" लिहून. नाही घेतला तर तिथूनच टपाल कचेरी गाठीन आणि अधीक्षकांना रजिस्टर पाठवीन. वाड्यावर ज्यांची घरं फुटली, त्या तिन्ही घरांना काल विचारलं, गुन्हा नोंदवला का? एकाने नोंदवलाय. दुसऱ्याला साध्या अर्जावर शिक्का मारून दिलाय. तिसरी म्हातारी गेलीच नाही. "कोण उलटतपासणी सोसणार" म्हणाली. सोमवारी तिलाही सोबत नेतेय.