सुट्टे नाहीत म्हणजे माझे दोन रुपये तुझे झाले का?

४८ रुपयांचं सामान घेतलं, पन्नासची नोट दिली, की परत काय येतं? दोन रुपये? छे. दोन गोळ्या. बरणीत मागच्या उन्हाळ्यात वितळून पुन्हा घट्ट झालेल्या, कागद सोडवता सोडवत नाही अशा. मला साखर आहे का, घरात लहान लेकरू आहे का, काही विचारणं नाही. "सुट्टे नाहीत वो ताई." आणि नजर लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडं.

याच गोळ्या मी उद्या दोन रुपयांच्या जागी दिल्या तर घेशील का, हे दुकानदाराला विचारून झालंय. दात काढतो. म्हणजे त्याच्याकडून माझ्याकडं येताना गोळी हे चलन, आणि माझ्याकडून त्याच्याकडं जाताना गोळी ही गंमत!

कुणी म्हणेल, दोन रुपयांसाठी एवढा तमाशा? हो, दोन रुपयांसाठीच. रोज दोन धरले तर महिन्याचे साठ, वर्षाचे ७२०. हे एका दुकानाचं झालं. मेडिकलवाला तीन ठेवतो, झेरॉक्सवाला एक ठेवतो, पिठाच्या गिरणीत तर "राहू द्या, पुढच्या टायमाला बघू" हे ठरलेलंच. तो पुढचा टाइम कधी आलाय का कुणाचा? एका गिऱ्हाइकाचे दोन रुपये म्हणजे चिल्लर, आणि दिवसभरातल्या शंभर गिऱ्हाइकांचे दोनशे म्हणजे गल्ला.

आमचं घर लातुरात. पगार खात्यावर पडला की मी तो काढते आणि स्टीलच्या डब्यांत वाटून टाकते. किराणा, भाजी-दूध, पाणी-गॅस, दवाखाना, पोराचा क्लास आणि एक सणवार-पाहुण्यांचा. क्लासचा डबा सगळ्यात जड, ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. पाण्याला वेगळा डबा कशाला, हेही २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या गावात विचारू नये. उन्हाळ्यात टँकर दारात उभा राहतो आणि रोख मागतो. भाजीच्या डब्यात आठवड्याचेच पैसे. शनिवारी उरतील ते सणवाराच्या डब्यात. आधीच संपले तर पिठलं आहे, शेंगदाण्याची चटणी आहे, ज्वारीची भाकरी आहे. रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या, बस्स. येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतावर जी माणसं जेवायला येतात, भज्जी, आंबील, उंडे, सगळा थाट होतो, तो या शनिवारच्या उरल्यासुरल्यातून होतो. कुणापुढं हात पसरावा लागत नाही.

या सगळ्याला लागतं काय? लहान नोटा. दहा, वीस, पन्नास, शंभर. आणि नेमक्या त्याच मिळत नाहीत!

एटीएमला जा, पाचशे. दुसऱ्या एटीएमला जा, पाचशे. चारशे टाकून बघा, मशीन सांगतं ५०० च्या पटीत रक्कम टाका. शेजारच्या वहिनींचे लाडक्या बहिणीचे १५०० येतात, मशीनमधून कागद निघतात तीन. त्या तीन कागदांचे भाग पाडायचे कसे? एक मोडला की संपलाच म्हणून समजा, कारण तो मोडायला काहीतरी विकत घ्यावं लागतं, आणि जे घेतलं ते यादीत नसतं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून बँकांना सांगितलंय की सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममधून शंभरच्या किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. आमच्या कोपऱ्यावरच्या मशीनला ते परिपत्रक कुणी वाचून दाखवलेलं नसावं. आणि निघाल्याच शंभरच्या, म्हणून थोडे थोडे काढायला जावं, तर आपल्याच बँकेच्या एटीएममध्ये महिन्याला पाच वेळा फुकट, पुढं दर वेळी २३ रुपयांपर्यंत, वर जीएसटी वेगळा. स्वतःचेच पैसे, सुट्टे हवेत म्हणून दंड.

मग शाखेत जा. नोटा-नाणी बदलून देणं हे शाखांचं कामच आहे, रिझर्व्ह बँकेनं ते लिहून दिलेलं आहे. पण काचेपलीकडून उत्तर येतं, "शंभरची गड्डी नाही, दुपारनंतर या." दुपारनंतर "आत्ताच संपली." कुणाला दिली, देव जाणे. आणि दिवाळीच्या आधी काही ठरावीक लोकांच्या पिशवीत दहाच्या कोऱ्या करकरीत गड्ड्या कुठून दिसतात, हेही देवच जाणे.

यावर सगळ्यांकडं एकच औषध तयार असतं. "स्कॅन करा की!" दुकानदार म्हणतो स्कॅन करा, पोरगा म्हणतो आई स्कॅन कर, परवा पाहुणी आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, कुठल्या काळात राहता?" अहो, मला स्कॅन करता येतं! फोन आहे, ॲप आहे, पिन पाठ आहे. टँकरवाल्यानं रोख नाही मागितली तर मी करतेही. पण वीस रुपये, पस्तीस रुपये, पंधरा रुपये असं बोटानं दाबत गेलं की ते गेलेले कळतच नाहीत. महिनाअखेर बँकेचा मेसेज कळवतो. डब्यात हात घातला आणि बोटाला तळ लागला, की मी समोश्याच्या गाड्यापुढून सरळ चालत जाते. हे मला फोननं कधी जमवून दिलं नाही. शिवाय नेटवर्क गेलं की तोच दुकानदार म्हणतो, "कॅश असेल तर द्या." मग कॅश दिली की म्हणतो, "सुट्टे द्या." आता काय करावं माणसानं!

आणि तो भिंतीवरचा कागद! "कृपया सुट्टे पैसे द्यावेत." दुकान तुझं, गल्ला तुझा, धंदा तुझा, आणि सुट्ट्यांची सोय करायची मी? गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, सोळाही रस्त्यांवर हाच कागद. कुठं पुठ्ठ्यावर, कुठं लॅमिनेट केलेला. लॅमिनेशनला पैसे आहेत.

त्यात दहाचं नाणं. ते घेऊन मी दुकानात उभी राहिले की लोक असं बघतात जसं काही घरी पाडून आणलंय. "चालत नाही इकडं." का चालत नाही? "वरचे घेत नाहीत." वरचे म्हणजे कोण? होलसेलवाला. होलसेलवाल्याला विचारा, तो म्हणतो गिऱ्हाईक घेत नाही. गिऱ्हाईक म्हणजे मी, मी तर द्यायला उभी आहे! २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलंय की दहाच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांचं चलन वैध आहे, रुपयाचं चिन्ह असो वा नसो. पुण्याला बहिणीकडं जाते तेव्हा तेच नाणं भाजीवाला मुकाट्यानं गल्ल्यात टाकतो. मधल्या वाटेवर असं कोणतं गाव लागतं की जिथं भारत सरकारचा शिक्का पुसला जातो? नाणं नको, मग दहाची नोट दे. ती नोट कशी? मधोमध चिकटपट्टी, एक कोपरा गायब, आणि तो देताना म्हणतो, "चालून जाते." त्याच्याकडून चालते. मी दुसरीकडं दिली की, "ताई, दुसरी द्या."

अजून मजा ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. चांगलं झालं. हिशेबानं पाच रुपयांचा पुडा ४ रुपये ४५ पैशांना बसतो. आता ते ५५ पैसे परत कोण देणार? पंचवीस पैसे २०११ सालीच बंद झाले. पन्नास पैसे कायद्यानं अजून चालू आहेत, पण ते कुणाला देऊन दाखवा! मी लग्नानंतरच्या पिशवीत सापडलेले पन्नास पैशांचे नाणे एकदा पुढं केले, तर दुकानदाराचा पोरगा ते फोटो काढायला घेऊन गेला. म्हणजे स्वस्ताई झाली कागदावर आणि ५५ पैसे गेले गल्ल्यात.

सगळेच असे नाहीत, तेही सांगते. आठवडी बाजारात औसा, मुरूडकडून येणाऱ्या बायका, त्यांच्या कमरेच्या पिशवीत खरंच सुट्टे नसतात. पण त्या चार मिरच्या, कोथिंबिरीची काडी, एखादं लिंबू टाकतात वर, आणि म्हणतात, "पुढल्या बाजारी बघू, बाई." आणि पुढल्या बाजारी त्यांनाच आठवण असते. बसमधला कंडक्टर निदान तिकिटामागं बाकी लिहून देतो, उतरायच्या आधी मागून घ्यायची. एवढ्या गर्दीत, उभ्यानं, हलत्या गाडीत तो लिहितो. आणि एसीत बसून कॉम्प्युटरवर बिल काढणाऱ्या मॉलवाल्याला बिलावर "दोन रुपये येणे" असं छापता येत नाही! वर विचारतो, "मॅडम, दोन रुपये डोनेट करायचे का?" करायचे असते तर मी देवळात केले असते, तुझ्या काउंटरवर कशाला?

तर आता मी ठरवलंय. बिल करायच्या आधी विचारायचं, सुट्टे आहेत का. नसतील तर साखरेची पुडी परत बरणीत. काल हेच केलं. दुकानदार म्हणाला, "ताई, एवढ्याशासाठी?" मागं उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "माझे बी पाच हायेत रे तुझ्याकडं, परवाचे." तिसऱ्या बाईचे सात निघाले. गल्ला उघडला. खालच्या खणात नाण्यांचा ढीग होता.